सर्व्हिसिंगच्या दिवशी दारं उघडतात

"एसी मी आता काढूनच टाकतो, कुसुम. अन् मी बी इथून…"

एवढंच ऐकू आलं, आणि धप्पकन खिडकी बंद! पलीकडे एसी सुरू झाला. घुर्रर्र!

नलूताई माझी शेजारीण. तिची खिडकी आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी अगदी समोरासमोर, मध्ये फक्त एक बोळ. कुसुम म्हणजे तिची अकोल्याची बहीण, तिच्याशी नलूताईचा फोन चालला होता. (आमच्याकडे बायकाही 'करतो-जातो'च म्हणतात.) आता "मी बी इथून" म्हणजे काय? पुण्याला पोराकडे? कायमची? घर विकून? लाटणं हातात घेऊन मी तशीच उभी!

संध्याकाळपर्यंत चार घरी बातमी सांगून आले. अर्धीच सांगितली. अर्धीच होती ना!

किस्से कसे साठतात म्हणाल, तर एसीच्या जाळीवर धूळ साठते तसेच. वर्षभर कोणाला दिसत नाहीत. सर्व्हिसिंगवाला आला की दारं-खिडक्या उघडाव्या लागतात, पलंग सरकवावा लागतो, आणि मग सगळं बाहेर पडतं. म्हणून गल्लीत सगळ्यांना माझं सांगणं असतं, सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा करा. एकदा उन्हाळ्याआधी, एकदा नंतर.

\*

माझ्या घरी एसी नाही, हे आधीच सांगून टाकते. कूलर आहे. पण सर्व्हिसिंगवाल्या रफिकभाईंचा नंबर माझ्याच मोबाइलमध्ये! होळी झाली की मी घरोघरी विचारते, "यंदा कधी बोलावू?" ते ज्या घरी, त्या घरी मागोमाग मी चहा घेऊन.

एकदा रफिकभाई म्हणाले, "काकू, इतके गिऱ्हाईक देता, कमिशन घेत जा ना!"

"कमिशन काय करू? तुमी आत जाता तवा दार उघडं ठेवत जा, म्हंजे झालं!"

\*

आधी असं नव्हतं हो. आधी गल्लीत सगळे कूलरवाले. एका रविवारी सगळ्यांचे कूलर माळ्यावरून खाली यायचे. जुनं गवत काढा, टाकी घासा, नवीन गवत भरा, मोटर लावून पाहा. कोणाची मोटर फिरायची नाही, कोणाला करंट लागायचा. आणि कूलर म्हटला की समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर घर नुसतं दमट होतं. त्यामुळे उन्हाळाभर गल्लीतल्या सगळ्या खिडक्या सताड! कूलरच्या आवाजावर आवाज काढून मी आणि नलूताई बोलायचो. तिच्या घरची भांडणं मला पाठ, माझ्या घरची तिला.

मग दोन उन्हाळ्यांपूर्वी नलूताई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उकाड्यानं चक्कर येऊन पडली. एकटी बाई. तिचा प्रशांत पुण्याहून धावत आला, एसी बसवला, सुट्टी संपली तसा परत गेला. जाताना म्हणाला, "आई, आता काळजी नाही."

नलूताई मला म्हणाली, "त्याची गेली वं. माही सुरू झाली."

तेव्हापासून ती खिडकी बहुतेक बंदच.

\*

कोपऱ्यावरचे देशमुख साहेब रिटायर झालेले. मी सर्व्हिसिंगचं विचारायला गेले, तर म्हणाले, "पाण्यानं धुवाचेच पैसे घेते ना तो? पाणी आपल्या घरी नाही काय?"

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, बागेचा पाइप घरात आणला आणि भिंतीवरच्या एसीवर धरला! पाणी एसीत कमी, गादीवर जास्त. आतलं सर्किट भिजलं ते वेगळंच. शेवटी रफिकभाईंनाच बोलवावं लागलं, आणि त्या खर्चात चार-पाच वर्षांची सर्व्हिसिंग झाली असती!

गादी आठवडाभर गच्चीवर. येणारा-जाणारा विचारायचा, "साहेब, लहान पाहुणे आले काय घरी?"

\*

सविताचं उलटं. तिनं पाइप सोडा, फडकंसुद्धा लावलं नाही. ऐन मे महिन्यात धावत आली, "काकू, चाला लवकर! एसीतून बर्फ पडून राहिला!"

गेले, तर खरंच! जाळी धुळीनं गच्च, आतून हवा खेळेना, म्हणून आत बर्फ धरलेला. खाली स्टीलचं पातेलं. आणि सविताची सासू पातेल्याजवळ बसून मला म्हणते, "तुमाले नेता का थोडा? आमच्याकडं जास्त हाय!"

\*

पण माझा आवडता किस्सा मागच्या वर्षीचा. रफिकभाई नलूताईकडे सर्व्हिसिंगला आले. शिडी लावून बाहेरच्या मशीनजवळ चढले आणि तसेच खाली उतरले. मशीन आणि भिंतीच्या मध्ये होल्याच्या, म्हणजे कबुतरासारख्या त्या पाखराच्या, मादीनं घरटं केलेलं. दोन अंडी.

"काढून ठेवू काय बाजूला?"

"हात नाही लावाचा! अन् एसीबी चालू नाही कराचा. आवाजानं उडून गेली तं?"

"ताई, ऊन पाहा किती हाय!"

"तिले नाही लागत काय ऊन?"

मग काय! माळ्यावरचा जुना कूलर खाली आला. खिडकी उघडली. अंडी फुटेपर्यंत आणि पिल्लं मोठी होईपर्यंत, तो सगळा वेळ काय गेला म्हणून सांगू! पोळ्या लाटता लाटता तिकडून आवाज यायचा, "आज डोळे उघडले वं!" "आज धाकटं लय भांडून राहिलं!" गल्लीतल्या बायका माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. मी तर देवाला म्हणायचे, पिल्लांना सावकाश वाढव.

एका सकाळी नलूताई खिडकीत उभी. "गेले," म्हणाली.

"दोनी?"

"दोनी."

 मग खिडकी लावून घेतली. एसी सुरू करायला रफिकभाईंना फोन मीच केला.

\*

कुसुमताईंचं सांगायचं राहिलं. त्या अकोल्याच्या, त्यामुळे गरमीचा भारी अभिमान! मे महिन्यात बहिणीकडे आल्या की म्हणणार, "हे काय ऊन हाय? आमच्याकडं या, मंग कळन!" नलूताईचा एसी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाक मुरडलं, "आमाले नाही बाप्पा लागत असलं काही."

आणि रात्रभर एसीखालीच झोपल्या. सकाळी उठवायला मला बोलावलं नलूताईनं! उठल्या आणि म्हणाल्या, "झोप नाही वं आली नव्या जागी."

\*

तर यंदा. ती अर्धी बातमी ऐकून आठ दिवस झाले होते. मी नलूताईला विचारलं नाही. कधी नव्हे ती माझी विचारायची हिंमत झाली नाही. आणि रफिकभाईंचाच मला फोन आला, "काकू, आज नलूताईकडं येऊन राहिलो."

"मी तं बोलावलं नाही तुमाले. सर्व्हिसिंग?"

"सर्व्हिसिंगबी अन् काढाचाबी हाय."

 चहा टाकला, साखर घातली की नाही कोण जाणे, आणि गेले. दार उघडंच होतं. एसी खाली उतरवलेला, भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन. रफिकभाई अंगणात जाळ्या धूत होते. नलूताई दारातून सांगत होती, "नीट धुवा भाऊ. नाहीतं कुसुम म्हणन, अमरावतीची धूळ पाठवली!"

"कुसुमताईकडं चालला एसी?" मी विचारलं.

"हो. तिले लागत नाही ना, म्हणून!"

"अन् तू?"

नलूताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू काय आयकलं होतं?"

"'अन् मी बी इथून'. इतकंच."

"अन् तेवढंच गल्लीभर सांगून आली! देशमुख साहेब कालदी घराची किंमत विचारून गेले मले!"

मी भिंतीवरच्या चौकोनाकडे पाहू लागले.

"घर नाही विकत मी," ती म्हणाली. "पण जातो. प्रशांत म्हणते, दिवाळी झाली की पुण्यालेच ये, एकटी नको राहू. हो म्हटलं त्याले."

चहा माझ्या हातातच राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मंग एसी आताच काहून काढला वं? दिवाळी कुठं, अन् आपण कुठं! उन्हाळा पुरा पडला हाय. चक्कर आली तं?"

"तू पाहशील ना! नाही म्हटलं तरी पाहशीलच!"

असं म्हणून ती खिडकीपाशी गेली. कडी घट्ट बसली होती, सरकेना. तळहातानं दोन दणके दिले तेव्हा कुठे उघडली. समोर माझं स्वयंपाकघर, ओट्यावर तसाच पडलेला पसारा.

"दिवाळीपावेतो इतके महिने हायेत," ती म्हणाली. "ते काय बंद खिडकीत काढू?"

संध्याकाळी पलीकडे कूलर सुरू झाला. नवीन गवताचा ओला वास माझ्या ओट्यापर्यंत आला. मी गॅसजवळ उभी होते. तिकडून कूलरच्या वर आवाज काढून नलूताई ओरडली,

"वरणाची फोडणी जळली वं तुही!"

जळलीच होती.