अर्धा राहिलेला धवला

माझं लग्न लागलं, हळद उतरली, यथावकाश केसही पिकायला लागले, पण माझा धवला अर्धाच राहिला होता. धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं जुनं गाणं. ते कुठल्या पुस्तकात नाही. धवलारीण मांडवात बसून तोंडपाठ गाते आणि शेवटी गावातल्या एकेका घराला हाक घालते. हाक आली की त्या घरातलं माणूस ‘आलो’ म्हणतं. बाई असो की बाप्या, एकटा असो की दहाजण, उत्तर ‘आलो’च, कारण ते घराचं उत्तर असतं. सगळी घरं आली की नवी सून गावात आली असं धरतात. माझ्या वेळी हाका सुरू व्हायच्या आत मांडवाबाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या.

समुद्रकाठचं ते गाव एका मोठ्या प्रकल्पासाठी उठणार होतं. मुदत वाढेल असं जो तो सांगत होता, म्हणून माझ्या सासरच्यांनी लग्न तिथंच उरकायचं ठरवलं. मुदत वाढली नाही. बायका वाटेत बसल्या, तर त्यांना उचलून गाडीत घातलं. त्यात आमची धवलारीणही होती, आणि ती धवलारीण म्हणजे माझ्या सासूबाई. गावात दुसरी कुणी गाणारी नव्हती, म्हणून मुलाच्या लग्नातही त्याच गात होत्या. संध्याकाळी त्यांना सोडलं तेव्हा अंगावर हळदीचंच लुगडं होतं, कोपरापाशी फाटलेलं झंपर होतं आणि आवाज बसला होता. त्या घरात कुठलं भांडं कुठं ठेवतात हे मला कळायच्या आत भांडी टेम्पोत चढली. आम्ही बोईसरजवळच्या पुनर्वसन वसाहतीत आलो. कुणी कुंभवलीला भाड्याने राहिलं, कुणी सफाळ्याला नातेवाइकांकडे गेलं, कुणी पालघरला.

त्यानंतर सासूबाई गायल्या नाहीत. वसाहतीतली लग्नं डीजेवर लागू लागली. कुणी फार गळ घातलीच तर त्या म्हणत, “माज्या गाण्यात खोट हाय.” त्यांच्या मनाने घेतलं होतं की अर्धा धवला म्हणजे अर्धं लग्न. नवऱ्याची कंपनी बंद पडली, धवला. माझं अपेंडिक्स काढलं, धवला. मिक्सर जळला त्या दिवशीसुद्धा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसावं की रडावं कळेना. मी मुळात शांत बाई नाही. “मिक्सरला कुणी हळद लावली होती का?” असं मी विचारलं होतं. पण खरं सांगायचं तर ते मलाही लागायचं. गावातल्या बायका एकत्र जमल्या की विहिरीवरच्या, बंदरावरच्या गोष्टी काढायच्या आणि मी मध्येच ‘कुठली विहीर?’ म्हणून विचारायची. त्या गावची सून असून मला गाव ठाऊक नव्हतं.

मी एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला आहे. माझ्या टेबलावर बिहारची एक बाई आहे. हात चालू असताना ती गुणगुणते. नवरा परमुलखात गेला, दाराशी बसून बाई वाट बघते, असली तिच्या आजीच्या वेळची गाणी. एकदा मी तिला म्हटलं, तुझ्या गाण्यात नवरा गाव सोडून जातो, आमचं तर गावच गेलं. ती म्हणाली, “तो दीदी, आप भी गाइए न.” तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. जुन्या गाण्यांचा मेळा करायचा, आणि गाणारे कोण, तर ज्यांचं घर सुटलं ते.

आमच्या बायकांनी तो मेळा उभा केला याचा मला भारी अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आधी आम्ही दिवाळीनंतरची तारीख धरली होती. डोंगरपाड्यावरचे तारपा वाजवणारे म्हणाले, “तवा आमी इटभट्टीवर असू.” म्हणजे घर सोडणाऱ्यांचा मेळा आणि घर सोडणारेच गैरहजर. आमची अक्कल अशी. भात कापून झालं की दिवाळीच्या आधी, अशी तारीख मग त्यांनीच ठरवली. वसाहतीतल्या शाळेचं मैदान मिळालं, मांडवाचे बांबू घराघरांतून आले. भाड्याने आणलेला एकही कलाकार नव्हता.

राहिल्या सासूबाई. त्या ओट्याशी बोंबील साफ करत होत्या. मी विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, “लगीन नाय तर धवला नाय. बिनलग्नाचा धवला गायला तर अपशकुन होते.”

“तुळशीचं लग्न लावू.”

“ते दिवालीनंतर.”

मग माझा पारा चढला. “आई, तुमच्या मुलाचं लग्न अर्धंच लागलंय असं तुम्हीच इतकी वर्षं म्हणताय ना? मग लावा की पुरतं.”

सुरी थांबली. मग म्हणाल्या, “चारचौघांत हलद लावून बसशील? केस पिकले तुजे.”

“तुमच्याच घरात पिकलेत.”

नवरा म्हणाला, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, तिकीट नाहीये.

आणि लोक हसलेच. तारपा झाला, बिहारच्या बायका ढोलकवर गायल्या, आणि मग आम्ही दोघं उंबराच्या डहाळीखाली पाटावर बसलो. शिट्ट्या पडल्या. माझ्या नणंदेने हळद लावताना गालफड इतकं रगडलं की जुने हिशेब फिटले असावेत. सासूबाई समोर बसल्या. त्या सुरुवातीपासून गातील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. जी ओळ गाडीच्या आवाजात तुटली होती, तिच्या पुढच्याच ओळीपासून त्यांनी सूर लावला. शिट्ट्या थांबल्या.

मग हाका सुरू झाल्या. वडाखालचं घर. सफाळ्याहून आलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “आलो.” बंदरावरचं घर. कुंभवलीच्या दोघी बहिणी एकदम म्हणाल्या, “आलो.” विहिरीकडचं घर. आलो. जी घरं बुलडोझरने पाडली ती एकेक करून त्या मैदानात उभी राहत होती, आणि मी मान ताठ करून बसले होते. देवळाकडच्या घराला हाक गेली तेव्हा कुणी बोललं नाही. ते कुटुंब कुठं गेलं कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी दुसऱ्यांदा हाक घातली. मग त्यांच्या भिंतीला भिंत असलेल्या घरातली बाई उठून म्हणाली, “त्यांच्या वाटचंबी मीच बोलते. आलो.”

शेवटची हाक नवरदेवाच्या घराला असते. ती आली. नवऱ्याने तोंड उघडलं आणि त्याचा आवाजच फुटेना. तो पाटावर बसून ढसाढसा रडायला लागला. सासूबाई थांबल्या. त्या त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. माझा त्या घरावर हक्क तो काय? मी तिथं एक चूलही नीट पेटवली नव्हती.

“आलो,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, मागच्या रांगेपर्यंत.

सासूबाईंनी उरलेल्या ओळी गायल्या, धवला पुरा केला. मग पुढे सरकून माझ्या गालावरची हळद आपल्या पदराने पुसली आणि म्हणाल्या, “आलीस गो बाय गावात.”