धरणाखालचा शेट

निवृत्त पोस्टमनकाकांना पुतणीने कामाला लावलं: नदीकाठी हिंडून पाणमांजरांची विष्ठा गोळा करायची. संपत आलेली ही जनावरं पुन्हा वाढत होती, पण मूळ जोड्या मोजक्याच. सगळी एकमेकांची भाऊबंद निघाली तर पुढची पिल्लं रोगट निपजणार. पुतणीच्या प्रयोगशाळेत विष्ठा तपासली की कोण कुणाचं कोण ते कळायचं. काका खूश होते. काकू मात्र फ्रीजमधल्या बाटल्या पाहून म्हणाल्या, "मटारांशेजारी ठेवल्यात तर तुमचं ताटही तिथेच वाढीन."

काही महिन्यांनी पुतणी आली ती तोंड पाडूनच. "काका, सगळे नमुने एकाच नराचे आहेत. बाकीची मेली बहुतेक."

काकांनी मान खाली घातली. बिंग फोडलं काकूंनी. "मरतायत कशाला? ह्यांचे गुडघे दुखतात. धरणाखालच्या पायऱ्यांपुढे गेलेत कधी? तिथे एक ढोल्या येतो, त्याला मासे घालत बसतात. शेट म्हणतात त्याला."

पुतणी आधी चिडली, मग हसत सुटली. दुसऱ्याच दिवशी तिने काकांना चिखल तुडवत धरणाच्या वर नेलं. तिथे बाटल्या पुरेनात. निकाल आला तेव्हा वरची सगळी एकाच गोतातली निघाली, कुणी चुलत, कुणी मावस. शेट मात्र त्यांचा कुणीच लागत नव्हता. तो दुसऱ्याच नदीतून आलेला, भिंत आडवी आली म्हणून खाली अडकलेला.

"त्याला वर सोडायला हवं, काका. असं नवं रक्त कुठून आणणार? पण पिंजऱ्यात तो तुमच्याच हाताने येईल."

काकांना ते मुळीच रुचलं नाही. घरी बोलायला काकू होत्या, ऐकून घेणारा शेटच होता. चार दिवस ते नदीकडे फिरकलेच नाहीत. मग एका सकाळी मासे घेऊन पिंजऱ्यापाशी बसले. शेट आला, बिनधास्त आत शिरला. दार काकांनीच पाडलं.

वर सोडल्यावर गडी पाण्यात गेला तो वळूनही न बघता. "जा बाबा, संसाराला लाग," म्हणताना काकांना रडू आलं.

संध्याकाळी काकूंनी गॅस बंद केला आणि काकांसमोर खुर्ची ओढली.

"रोज काय सांगत होतात त्याला? मला सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

काकांनी घसा खाकरून सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला काकू मध्ये बोलल्या.