‘कचरावेचक’ सूचीत नाही

वृत्तपत्र सोडून मी मुलुंडच्या एका कॉलेजात लागलो. काम असं: प्राध्यापकांचं संशोधन समजून घ्यायचं आणि एका पोर्टलवर त्यांच्या नावापुढे ठरावीक सूचीतले शब्द निवडायचे. निधी देणाऱ्या संस्थाही आपापल्या योजनांना त्याच सूचीतले शब्द लावतात. शब्द जुळले की प्राध्यापकाला मेल जातो. सूचीबाहेरचा शब्द पोर्टल घेत नाही.

समाजशास्त्राची एक प्राध्यापिका गोवंडीची. तिची आई कचरा वेचायची. गल्लीतल्या कचरावेचक बायकांच्या फुफ्फुसांची तपासणी तिने पदरमोड करून केली होती. तुलनेसाठी वर्षभराने दुसरी तपासणी झाली नाही, तर पहिली फुकट जाणार होती. त्यासाठी निधी हवा होता.

‘कचरावेचक’ सूचीत नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा ‘घनकचरा व्यवस्थापन’. तो लावला आणि मेल सुरू झाले: कचरा जाळायची यंत्रं, खताची यंत्रं, गाड्यांवर बसवायचे सेन्सर.

विभागप्रमुख तिला म्हणाले, “मॅडम, यंत्रावरच लिहा ना काहीतरी. बायका शेवटच्या परिच्छेदात घाला.”

“सर, तिथे त्या आधीपासूनच आहेत.”

केबिनबाहेर येऊन ती मला म्हणाली, “काढ रे तो शब्द.”

“एकही मेल येणार नाही मग.”

“आत्ता येतायत त्यांचं काय लोणचं घालू?”

काढला. पोर्टलवर नवा शब्द सुचवायची सोय आहे. आम्ही ‘कचरावेचक’ सुचवला. उत्तर आलं, उपलब्ध जवळचा शब्द वापरावा. पुन्हा सुचवला. पुन्हा तेच.

मग दर सोमवारी दुपारी आम्ही दोघं पोर्टलवरच्या सगळ्याच योजना वाचायला बसलो. वृत्तपत्रात असताना वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी वाचायचो तशा, शेवटच्या ओळीपर्यंत. एका योजनेला ‘खाणकाम’ हा शब्द लावलेला होता. आत पात्रतेत मात्र लिहिलं होतं: धुळीत किंवा धुरात काम करणारे कोणतेही कामगार.

तिने अर्ज लिहिला. शीर्षकातला पहिलाच शब्द ‘कचरावेचक’.

सही करताना प्रमुखांनी विचारलं, “हा सूचीत आहे?”

“नाही सर. गोवंडीत आहे.”

त्यांनी सही केली.

निकाल अजून आलेला नाही. दुसऱ्या तपासणीची तारीख तिने बायकांना सांगून टाकली आहे.