बाहेरच्या लाईनसाठी शून्य

"तुमाला न्हाई जमायचं" असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हा स्वभाव चांगला की वाईट, ते ठरवणं मी केव्हाच सोडून दिलंय. नव्वदचं दशक सरत आलं होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते, हंगामी. हंगाम सहा वर्षं चालला होता.

त्या वर्षी आमच्या साहेबांनी मोबाईल घेतला. वर छोटी अँटेना असलेला काळा ठोकळा. तो खिशात असला की शर्ट एका बाजूनं लोंबायचा आणि साहेब त्याच बाजूनं माणसांसमोर उभे राहायचे. पाठोपाठ पुण्याच्या हेड ऑफिसनं लॅपटॉप पाठवला. साहेब दौऱ्यावर असले तरी मोबाईलला लॅपटॉप जोडून रोजचा उत्पादनाचा रिपोर्ट पुण्याला फॅक्स करायचा, असा हुकूम होता.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. संगणक सहायकाची एक कायम जागा. खाली बारीक अक्षरात, पुरुष उमेदवारास प्राधान्य. अर्ज शुक्रवारी पाचच्या आत पुण्यात फॅक्सनं पोचायला हवा, आणि पानाच्या वरच्या ओळीत आपल्या ऑफिसचं नाव छापून यायला हवं. म्हणजे बाजारातल्या एसटीडी बूथवरून पाठवलेला चालणार नव्हता. ऑफिसातला कॉम्प्युटर तोवर मीच चालवत होते. मी अर्ज टाईप केला आणि साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकला.

"अवो बाई, कशाला त्या भानगडीत पडताय? मशिनचं काम हाय ते. तुमाला न्हाई जमायचं."

फॅक्स मशिन त्यांच्या केबिनमध्ये होतं आणि केबिनची किल्ली त्यांच्या खिशात.

मोबाईल आणि लॅपटॉप मात्र त्यांना दाद देईनात. दोन दिवस त्यांनी स्वतः बसून सेटिंग केली. नंबर फिरायचा, लागायचा नाही. बुधवारी त्यांनी सगळं उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"बघा, तुमचा हात लागतोय का. न्हाईतर पुण्याला कळवतो, असलं काय साताऱ्यात चालत न्हाई म्हणून."

मोबाईलबरोबरचं इंग्रजी पुस्तक मी घरी नेलं. घरी आबा. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सगळी नोकरी सिग्नलमध्ये, म्हणजे तारा आणि वायरलेस सांभाळण्यात गेलेली. आम्ही मूळचे वडूजचे. आबांनी चष्मा लावून पुस्तक चाळलं. इंग्रजी त्यांना फार येत नव्हतं, पण तारा आणि आकडे येत होते.

"एका टायमाला एकच बदल करायचा, पोरी," ते म्हणाले. "आन् केला की लिवायचा. फरक न्हाई पडला तर हुतं तसं करायचं, मगच फुडं जायाचं. धा ठिकानी हात घातलास तर मूळचा बिघाड कुठला आन् आपला कुठला, त्येच कळत न्हाई."

मला हसू आलं. तरी गुरुवारी एक वही घेऊन गेले. केबल बदलून पाहिली. लॅपटॉपवरचा पोर्ट बदलला, वेग कमी केला. मोबाईलच्या मेनूत कॉल डायव्हर्ट बंद केलं, कॉल वेटिंग बंद केलं. प्रत्येकापुढे लिहिलं, 'फरक नाही, परत पहिल्यासारखं केलं.' पान भरलं. साहेब जाता-येता वाकून बघायचे आणि घड्याळ बघत पुढे जायचे. मला रडू येत होतं, ते रागाचं होतं.

संध्याकाळी आबांना वही दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "ह्ये समदं ठीक हाय. पर त्यो लावतोय कुठला नंबर, त्ये बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. शुक्रवारी सकाळी लॅपटॉप नंबर लावायला लागला तसा मी मोबाईलच्या पडद्यावरचा एकेक आकडा उतरवून घेतला. पुण्याचा कोड तेव्हा ०२१२. पडद्यावर उमटलं होतं ००२१२. शून्यं दोन होती.

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एक चौकट होती, बाहेरच्या लाईनसाठी आधी कोणता आकडा लावायचा ते विचारणारी. साहेबांनी तिथे शून्य घातलं होतं. आमच्या ऑफिसच्या टेलिफोनवर बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य दाबायचं, म्हणून. पण मोबाईलला आत काय आणि बाहेर काय! मी टेलिफोन डिरेक्टरीची पहिली पानं काढली. आधी दोन शून्यं म्हणजे परदेश. पुढे २१२ म्हणजे मोरोक्को. आमचा उत्पादनाचा रिपोर्ट चार दिवस मोरोक्कोला निघाला होता, आणि साहेबांच्या मोबाईलवर परदेशी कॉल बंद असल्यामुळे दारातूनच परत येत होता.

तेवढ्यात साहेब मोबाईल घेऊन बाहेरगावी गेले, ते चार वाजता आले. मी रीतसर विचारलं, "साहेब, आधीचं शून्य काढू का?"

"शून्याबिगर भाईरची लाईन मिळती व्हय कुठं?" ते सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असे हसले. "सहा वर्षं हितं हाय, एवढं बी कळंना?"

मी मोरोक्को समजावून सांगितला नाही. सहा वर्षांत पुष्कळ समजावलं होतं. "बरं," मी म्हणाले आणि शून्य खोडलं.

"आन् रिपोर्टला हात लावू नका एवढ्यात," साहेब म्हणाले. "आधी दुसरं कायतरी पाठवून बघा."

माझा अर्ज फ्लॉपीवर होता. तो लॅपटॉपवर घेतला, वरच्या ओळीत ऑफिसचं नाव आहे ना ते पाहिलं, रेंज मिळावी म्हणून मोबाईल खिडकीत ठेवला आणि बटण दाबलं. नंबर फिरला. लागला. एक पान गेलं.

"लागला!" साहेब ओरडले आणि लगेच केबिनमध्ये जाऊन, दार उघडं टाकूनच, टेबलावरच्या फोनवरून पुण्याला फोन लावला. "सर, मोबाईलवरून फॅक्स सुरू केलाय आम्ही. मी स्वतः बसून सेटिंग केली. एक पान आलंय का बघा."

मग ते ऐकत राहिले. पलीकडून कुणीतरी पान वाचून दाखवत असणार. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ड्रॉवरकडे.

"न्हाई न्हाई सर, ते फाडून टाका," ते घाईनं म्हणाले. "ते चुकून गेलंय."

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले आणि रिसीव्हरमधून पुण्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "चुकून नाही गेलेलं. मी पाठवलंय."