कॅमेऱ्यावरची टिकली

पलूसला आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस मशीनसमोर कुजबुजत बोलायचा, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसा. वायरला हात लावायच्या आधी पॅन्टला तळवे पुसायचा. मला त्याचं हसू यायचं.

दिवाळीनंतर मोबाइलवर आलेली एक लग्नपत्रिका मी कॉम्प्युटरवर उघडली होती. आपल्याकडं पत्रिका आली की उघडायचीच. ती कोरी निघाली, आणि मशीन रखडायला लागलं. शेवटी गुढीपाडव्याला त्याला बोलावलं.

कॉम्प्युटर आमच्या झोपायच्या खोलीत. तो दारातच थबकला. खुर्चीत न बसताच माझ्या बायकोला हळूच म्हणाला, "वैनी, एक टिकली द्या."

तिनं आरशावरची काढून दिली. त्यानं ती कॅमेऱ्यावर दाबून बसवली, इंटरनेटची वायर उपटली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "व्हायरस काढतो वो मी. पण कॅमेऱ्याजवळचा ह्यो बारका दिवा कवापास्नं लागतोय?"

मी बायकोकडं पाहिलं. ती पलंगाकडं बघत होती.

"ती पत्रिका आल्यापास्नं," ती म्हणाली. आता तीही कुजबुजत होती.