अक्कांच्या हातांचा फोटो

"काकू, आई गेली..." नंदा फोनवर एवढंच बोलली. मी पंचवटीत भाजी घेत होते. पिशवी तिथेच टाकून रिक्षा पकडली, तरी थोरल्या जाऊबाईंची, आमच्या अक्कांची शेवटची भेट चुकलीच. महिना उलटला, पण ती चुटपुट जात नाही.

बाजारात अक्कांचा फुलांचा गाळा होता. देवाचे हार त्या स्वतः ओवायच्या, तोंडाने गिऱ्हाइकाची फिरकी घेत. मग थंडीत बोटं पांढरी पडायला लागली, पुढे कातडी ताठली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई याच आजारावर संशोधन करत होत्या. म्हणाल्या, "हातांचा फोटो लावू? नाव, चेहरा काही येणार नाही. बघून इतर बायका वेळेवर येतील." अक्का म्हणाल्या, "लावा की!" दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर लागलं, नुसते हात. पण मनगटावर गोंदलेली मोरांची जोडी? ती अख्ख्या बाजाराला ठाऊक! आजार लागट नाही असं खाली लिहिलं होतं, पण वाचतंय कोण? देवाच्या हाराला असले हात नकोत म्हणून एकेक गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर सरकलं. तोंडावर कोणी बोललं नाही, मेल्यांनी.

अक्का दवाखान्यात गेल्या. "बाई, तोंड झाकलं ते ठीक. पण बाजारात माझं तोंड बघतं कोण? समदे हातच बघतात." डॉक्टरीणबाई ओशाळल्या. पोस्टर लगेच उतरलं. पण ते बघून एक बाई वेळेवर आली होती, हेही त्यांनी सांगितलं. मग दर खेपेला अक्कांचं एकच, "तिची बोटं वळतात का हो?" "वळतात," यापलीकडे डॉक्टरीणबाई तिच्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

शेवटी शेवटी अक्काच म्हणाल्या, "मी गेल्यावर लावा तो फोटो." दिवसकार्य झाल्यावर डॉक्टरीणबाई रीतसर विचारायला घरी आल्या. नंदा म्हणाली, "आईचं खरंय. पण गाळ्यावर आता मी बसते. पुन्हा गिऱ्हाईक तुटलं तर खाऊ काय?" मला दोघींचंही पटतं, आणि त्यानेच जीव जळतो.

परवा मी त्याच दवाखान्यात बीपी दाखवायला गेले. बाकावर शेजारी एक तरणी बाई पांढरी पडलेली बोटं पदरात चोळत होती.

"दाखवून घे गं," मी म्हटलं.

ती हसली. "थंडीचं हाय ते. मी सासूबाईंना घेऊन आलेय."

'आमच्या अक्कांनाही...' अगदी ओठावर आलं. नंदा आठवली. गिळलं. तेवढ्यात त्यांचा नंबर आला. सासूबाईंना दाखवून ती त्यांना हाताला धरून बाहेर पडली.