टेलरात दिसलेले आबा

माझे आबा म्हशी सांभाळायचे आणि सिनेमात उभे राहायचे. सत्तरच्या दशकातल्या कोल्हापुरात यात कुणाला नवल वाटत नसे. गावकरी हवे असले की स्टुडिओतला माणूस आमच्या गल्लीत यायचा. आबा उंच होते, अंग तालमीत कमावलेलं, मिशा भरघोस. बहुतेक वेळा ते गर्दीतच असत. पडद्यावर आम्ही नुसता त्यांचा फेटा शोधत बसायचो.

एकदा मात्र त्यांना खरी भूमिका मिळाली, बोलण्याची. शूटिंग जोतिबाच्या पायथ्याला होतं. धारा काढून ते पहाटेच निघत. संध्याकाळी परतले की आई विचारायची, "काय काम केलंसा आज?"

"पडद्यावर बघा की. आधीच सांगितल्यावर मजा काय ऱ्हायली?"

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मलाही त्यांनी काही सांगितलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात गोठ्यातला गंजका खिळा त्यांच्या टाचेत गेला. त्यांनी जखमेत हळद भरली आणि धार काढायला म्हशीखाली बसले. पुढच्या आठवड्यात धनुर्वातानं जबडा धरला. सरकारी दवाखान्यात त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, कारण जरा उजेड पडला, भांडं वाजलं, की सगळं अंग धनुष्यासारखं ताठायचं. शेवटपर्यंत ते शुद्धीवर होते. आम्ही दिसायचो त्यांना, बोलता येत नव्हतं.

आई त्यानंतर गोठा आणि चूल सोडून कुठं गेली नाही. उन्हाळा लागला तेव्हा मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हट्टाला पेटला. देवाधर्माचा सिनेमा लागलाय, चल म्हणाला. आई नको नको म्हणत आली. आम्ही तिला मध्ये बसवलं.

सिनेमाच्या आधी टेलर लागला. ट्रेलरला आमच्याकडं टेलरच म्हणत. ढोल वाजला, जत्रा दिसली, भारदस्त आवाजात कुणीतरी विचारलं, "कुणी केला हा खून?" आणि पडदाभर आबांचं तोंड आलं. ते विहिरीच्या काठावर उभे होते. मागून कुऱ्हाड आली. कुऱ्हाड धरणाऱ्याचा चेहराही दाखवला. मग आबा पाण्यात, डोळे उघडे.

थेटरात शिट्ट्या पडत होत्या. आई जागची हलली नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं, ते मूळ सिनेमा सुरू झाल्यावरही सोडलं नाही. मामा कानाशी पुटपुटत राहिला, "अक्का, चल घरी." ती उठेना.

घरी आल्यावर उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "सदऱ्याला लाल डाग हुता. म्या इचारलं, तर पान सांडलं म्हणाले. मरायचं काम हाय म्हणून सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतं व्हय मी? जित्या माणसानं मेल्याचं सोंग करू नये."

"आई, त्यांना खिळा लागला होता."

"खिळा आधी न्हवता व्हय गोठ्यात? तवाच कसा लागला?"

आबांनी मजेसाठी गुपित ठेवलं की तिच्या भीतीनं, हे आता कुणाला विचारायची सोय नव्हती.

सिनेमा लागला तेव्हा मामा आणि मी गेलो. आबा मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ वेळ होते. बैलाच्या शिंगांना रंग लावत होते, पंगतीत वाढत होते, लहान पोरीला खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडत होते. हसतसुद्धा होते, घरात हसायचे तसंच, मान मागं टाकून. पण मला धड बघता येत नव्हतं. ते घरातून निघाले की वाटायचं, आता विहीर. मागच्या रांगेतली बाई नवऱ्याला सांगत होती, "ह्यो मरतोय बघा आता. टेलरात दावलंय." सगळ्या थेटराला ठाऊक होतं. आबा तिथं हसत होते आणि माणसं त्यांच्या मरणाची वाट बघत बसली होती. टेलर बघितला नसता तर निदान पडद्यावर ते तेवढा वेळ सुखानं जगले असते.

विहिरीपाशी मी मान खाली घातली. पुढच्या दृश्यात त्यांच्या सिनेमातल्या बायकोच्या बांगड्या फुटायला लागल्या, तेव्हा मामाच उठला.

आम्ही घरी आलो तेव्हा आई कडबा तोडत होती. विळ्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "बोलले का?"

"बोलले. बराच वेळ आहेत."

"हसले?"

"हसले."

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता ती म्हणाली, "मला ने. हीर यायच्या आधी हात लाव, म्हंजे उठतो."

आम्ही दुपारच्या खेळाला दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो. आईनं पदर तोंडाशी धरून सगळं बघितलं. आबा जत्रेतून परतले, पोरीला खाली उतरवलं, खांद्यावर कासरा टाकला आणि मळ्याच्या वाटेला लागले. मी तिच्या गुडघ्याला हात लावला. ती लगेच उठली नाही. आबा वळणावर दिसेनासे झाल्यावर उठली.

दारावरचा माणूस म्हणाला, "का ओ मावशी, आवडला न्हाई व्हय पिच्चर?"

"आवडला की," आई म्हणाली.

बाहेर ऊन रणरणत होतं. घरी पोचल्यावर आईनं म्हशींना पाणी दाखवलं आणि मग गोठ्यातच, शेणामुताच्या वासात, भिंतीला टेकून बसून राहिली. सिनेमानंच त्यांना नेलं, हे ती मरेपर्यंत म्हणत होती. पुढं माझ्या मुलाला शाळेच्या नाटकात मेलेल्या राजाचं काम मिळालं, तेव्हा शाळेत जाऊन ते तिनं बदलून घेतलं. मी तिला अडवलं नाही.